बातिनाचे आखाडे

५ डिसेंबर, शुक्रवार

आज एका बैलाने मला जवळजवळ चिरडलं होतं, आणि तरीही मी पुन्हा जाणार आहे. ज्ञानदाला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. बायको तिकडे कुडाळात बसून उगाच काळजी करील. इथे लिहितो.

जितेशने बरेच दिवस लकडा लावला होता की बरक्याला बैलांची झुंज बघायला जाऊ. बरका म्हणजे जमालचं गाव. म्हणजे तो मूळचा दापोलीचा, पण इतकी वर्षं बरक्याच्या मासळीबाजारात घाऊक मासळी विकतोय की आता तिथलाच झालाय. मस्कतमधल्या अल खौदच्या मैदानावर आम्ही तिघं टेनिस बॉल क्रिकेट खेळायचो, तिथली दोस्ती. जितेश तर माझा शाळेपासूनचा. मला ओमानला आणलं तेही त्यानेच. एसीच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला, पहिले तीन महिने स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं.

आखाडा म्हणजे गोल मैदान, त्याला कमरेएवढी सिमेंटची भिंत. भिंतीवर माणसं, मागे लावलेल्या पिकअपच्या टपावर माणसं. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की बैल आणतात. आपल्याकडचेच वाटावेत असे वशिंडवाले, पण खजूर, तूप आणि सुकी मासळी खाऊन अंगाने दुप्पट. दोघांना समोरासमोर सोडलं की डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज पोटात जाणवतो. मग नुसतं रेटणं. पायांखालची माती उडते, तोंडातून फेस गळतो. एकाने पाठ फिरवली की दोरीवाले दोघांनाही मागे खेचतात. खलास.

जितेशला ते पटलं नाही. "पळालो म्हणान सोडलो? ह्येका काय झुंज म्हणतत?"

शेजारचा म्हातारा ओमानी हसून म्हणाला की बैल घरचा असतो, त्याला मारायला थोडाच आणलाय.

तिसऱ्या जोडीतल्या काळ्या बैलाचा दोर तुटला आणि तो सरळ भिंतीकडे आला. माझे पाय जागचे हलेनात. जमालने कॉलर धरून मला मागे खेचलं, मी पाठीवर पडलो आणि बैल भिंतीवर धडकला. आमच्या बाजूच्या एका माणसाच्या मांडीत शिंग घुसलं. त्याचा पांढरा झगा बघता बघता लाल झाला. जितेश मात्र हातभर अंतरावर तसाच उभा होता. बैल मागे फिरला तेव्हा त्याने त्याच्या नाकाडावर गुद्दा हाणला आणि मोठ्याने हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना गाडीत त्यानेच बेत ठरवला. क्रिकेटवेडे लोक देशोदेशीची स्टेडियमं बघत फिरतात, तसे आपण आखाडे बघायचे. बरका झालं. आता सीब, मुसन्ना, सुवेक, सहाम, सोहार, पार वरती शिनासपर्यंत. बातिनाच्या किनाऱ्यावरचा एकही सोडायचा नाही, रमजानच्या आधी सगळे. जमाल म्हणाला, "इन्शाल्ला." त्याचा इन्शाल्ला म्हणजे 'बघू'. मी मात्र लगेच हो म्हटलं.

८ डिसेंबर

जितेशकडे अल अमेरातला जेवायला गेलो होतो. त्याची बायको शिवांगी ऑगस्टमध्ये आली, त्यानंतर पहिल्यांदाच त्याने घरी बोलावलं. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर. डाव्या हाताने वाढत होती. "न्हाणयेत पडली," जितेश म्हणाला. "गावात शेणाच्या जमिनीवर चालूची सवय, हय टाइल्सवर पाय ठरणत नाय." मी हसलो. ती हसली नाही, बहुतेक दुखत असावं.

सोलकढी उत्तम होती. हॉलमध्ये त्याने कॅमेरा बसवलाय, फोनवर कुठूनही घर दिसतं. त्या भागात चोऱ्या होतात म्हणे. बरं केलं.

जितेश खाली पान आणायला गेला तेव्हा तिने विचारलं, "भावोजी, एअरपोर्ट इथून लांब आहे का? चालत जाता येईल का?" नवीन आलेल्या बायकांना घरची ओढ लागते. मी म्हटलं, वेडी आहेस का, मध्ये डोंगर आहे. मग तिने जेवणाची ताटं उचलली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सीब आणि मुसन्ना एकाच दिवशी उरकले. सीबला जेमतेम दोन जोड्या बघितल्या. मुसन्न्याला पोचलो तर झुंजी संपत आल्या होत्या. जितेश वैतागला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सुवेकला जाताना जे झालं ते लिहावं की नाही, कळत नाही.

हायवेवर एका पिकअपने आम्हाला कट मारला. मागे लसूणघासाच्या पेंढ्या भरलेल्या. जितेशने काही न बोलता वेग वाढवला आणि त्याला कडेला दाबत नेलं. पिकअप धुळीत थांबली. ड्रायव्हर पन्नाशीचा, सिंधकडचा असावा. तो काच खाली करून "माफ करना भाई" म्हणतच होता, तर जितेशने दार उघडून त्याला गळ्याला धरून बाहेर ओढलं आणि त्याचं तोंड गाडीच्या दारावर आपटलं. एकदा, परत, परत. नाक फुटल्याचा आवाज मला गाडीत बसून ऐकू आला. तो खाली पडल्यावर त्याच्या बरगड्यांत लाथा. घासाच्या पेंढ्या रस्त्यावर पसरल्या होत्या आणि त्यांवर रक्त पडत होतं.

जमाल धावला. जितेशला मागून मिठी घालून त्याने दूर नेलं. मग पाण्याची बाटली घेऊन तो त्या ड्रायव्हरजवळ उकिडवा बसला, त्याचं तोंड धुतलं, रुमाल दिला. मी उतरलोच नाही. माझं काय काम होतं? चूक त्या माणसाचीही होतीच, हायवेवर असं कोणी करतं का?

मग आखाड्यात पोचलो. तिथे एका बैलाचं शिंग मुळापासून उखडलं. डोळ्यावरून रक्त वाहत होतं, तरी तो रेटतच होता. जितेश भिंतीवर चढून ओरडत होता, "सोडू नको! सोडू नको!" जमालने सगळा वेळ फोनमध्ये डोकं घातलं होतं.

खरं सांगायचं तर जितेश बरोबर असला की मला सुरक्षित वाटतं. आपल्या वाटेला कोणी जाणार नाही असं.

२२ डिसेंबर

आज ज्ञानदाने फोनवर खूप प्रश्न विचारले.

"शिवांगीचा हात नक्की कुठे मोडला?"

"मनगट आणि कोपर यांच्या मधोमध."

"बाथरूममध्ये माणूस तळव्यावर पडतो, मनगट मोडतं. मधोमध कसा मोडेल?"

"मी काय डॉक्टर आहे?"

"तू तिला विचारलंस?"

"नवऱ्यासमोर काय विचारू?"

"मी नवऱ्यासमोर म्हटलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि मग विषय बदलून छताच्या गळतीचं बोलली. शाळेत मास्तरीण असली की सगळ्यांचीच परीक्षा घ्यायची सवय लागते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सहाम. आज बायकाही होत्या. जमालची खुदेजा हटून बसली की आम्हालाही समुद्र बघायचाय, शिवांगीलाही आणा. जितेशला आवडलं नव्हतं, पण खुदेजासमोर कोणाचं चालत नाही. त्या दोघी किनाऱ्यावर चटई टाकून बसल्या, आम्ही आखाड्यात. आज मन भरेल अशी झुंज झाली, दोन तांबडे बैल सूर्य कलेपर्यंत एकमेकांना रेटत होते. पण जितेश दर थोड्या वेळाने भिंतीवरून किनाऱ्याकडे बघत होता आणि मध्येच उठून गेला. परत आला तेव्हा शिवांगीचा फोन त्याच्या खिशात होता. "सारखा त्यात तोंड घालून बसता," म्हणाला.

निघताना शिवांगी गाडीत बसली तेव्हा त्याने दार इतक्या जोरात लावलं की तिचा पाय थोडक्यात वाचला. घाईघाईत होतं असं.

खुदेजा माझ्याजवळ आली. "आशुभाई, तुम्ही त्यांच्या घरी जाता ना?"

"कधीमधी."

"मग तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

मी विचारलं, म्हणजे काय? ती उत्तर न देता जमालच्या गाडीत जाऊन बसली. मी तिचं काय घोडं मारलंय?

५ जानेवारी

दुपारी बौशरला एका व्हिलाच्या गच्चीवर कॉम्प्रेसर खोलून बसलो होतो, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. शिवांगी. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही. शेजारच्या मल्याळी नर्सबाईच्या फोनवरून बोलत होती.

"भावोजी, बुधवारी हे साइटवर लवकर जाणार आहेत. मला एम्बसीत सोडाल? माझा पासपोर्ट ह्यांनी कपाटात कुलपात ठेवलाय. एम्बसीवाले दुसरा कागद देतात म्हणे."

"अगं, पण झालं काय?"

"सोडाल का एवढं सांगा."

"जितेशला माहीत आहे?"

"त्यांना सांगू नका. तुमच्या पाया पडते, भावोजी. त्यांना कळलं तर मी वाचणार नाही."

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर हातातला पाना खाली पडला आणि त्या घरच्या माणसाच्या गाडीची काच फुटता फुटता राहिली.

संध्याकाळभर तोच विचार. ती मलाच का बोलली? माझ्यावर एवढा विश्वास ठेवला, म्हणजे तिच्या संसाराची जबाबदारी थोडी माझ्यावरही आलीच. बायका रागात वाटेल ते बोलतात, 'वाचणार नाही' वगैरे. मी तिला एम्बसीत नेलं तर गावभर होईल, संसार मोडेल, आणि मोडणारा मी ठरेन. जितेशने मला इथे आणलं. त्याच्या पाठीमागे त्याची बायको पळवून लावायची? त्यापेक्षा दोघांत समेट झाला तर?

ज्ञानदाला विचारणार होतो. नाही विचारलं.

६ जानेवारी

जितेशला अल खौदच्या चहावाल्याकडे बोलावलं. कडक सुलेमानी घेतला दोघांनी. मी फार सांभाळून बोललो. म्हटलं, शिवांगीला एकटेपणा खातोय, गावची आठवण येते, म्हणून काहीतरी एम्बसी-बिंबसी डोक्यात घेतलंय. ती पोर आहे, जरा जप तिला. फिरायला ने.

मला वाटलं होतं तो भडकेल. तो अजिबात भडकला नाही. शांतपणे विचारलं, "कोणाच्या फोनवरना केल्यान?" मी सांगितलं. "बुधवारी म्हणाली?" मी हो म्हटलं. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आशु, तू माका सांगलंस ता बरा केलंस. भाऊ असंस तू माझो." चहाचा कप त्याने अर्धाच ठेवला आणि निघाला.

फार दिवसांनी हलकं वाटतंय. कोणाचं तरी घर वाचवलं.

८ जानेवारी

काल बुधवार होता. शिवांगीचा फोन आला नाही. म्हणजे मिटलं असावं. जितेशचा मेसेज: उद्या सोहार पक्कं. जमाल येणार नाही, त्याचा माल उतरायचाय.

११ जानेवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो. पोलिसांना सांगितलंय जवळजवळ तसंच.

शुक्रवारी जितेश मला घ्यायला आला तेव्हा मजेत होता. शिट्टी वाजवत होता. स्टीअरिंगवर त्याच्या मुठी दिसल्या. दोन्हींची सालं निघालेली, उजवी सुजून निळी पडलेली.

"ह्या काय रे?"

"बोनेट पडला."

दोन्ही हातांवर? मी विचारलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं. शिवांगी कशी आहे असं विचारलं, तर म्हणाला, "झोपली असा. आता एकदम शांत."

सोहारला पोचून आम्ही भिंतीवर बसलो. पहिली जोडी लागली होती. तेवढ्यात जमालचा फोन. आरडाओरड्यात नीट ऐकू येईना म्हणून मी भिंतीच्या मागे पिकअपच्या आडोशाला गेलो.

"तो जवळ आहे का?" जमाल.

"नाही. काय झालं?"

"आम्ही अमेरातला आलोय. खुदेजाचे मेसेज तिला जात नव्हते म्हणून आलो. बाहेरून कुलूप होतं, आशु. आतून कण्हण्याचा आवाज. वॉचमनला घेऊन तोडलं. तिचा जबडा तुटलाय. बोलता येत नाही तिला. बरगड्या... एक डोळा पूर्ण मिटलाय. प्लास्टरचा हात त्याने पुन्हा..." तो थांबला. "बाथरूममध्ये कोंडून ठेवली होती. हॉस्पिटलात नेतोय. त्याला तिथेच ठेव. काहीही कर, पण त्याला तिथे अडकवून ठेव."

"कधी झालं?"

"मंगळवारी संध्याकाळपासून, डाव्या हाताने लिहून दाखवलं तिने. एम्बसीचा बेत त्याला कळला कसा कोण जाणे. तिने कोणाला तरी सांगितलं असेल."

मंगळवार म्हणजे चहाचा दिवस.

मागे वळलो तर जितेश उभा.

"कोणाचो फोन?"

"कंपनीचा."

"शुक्रवारी?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "खोटा बोलतंस." मग त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला, घरचा कॅमेरा उघडला. मी बाजूने बघितलं. हॉलमध्ये उजेड आत आला होता, दार सताड उघडं होतं आणि जमिनीवर तुटलेलं कुलूप. त्याने बोट मागे सरकवलं. जमाल दिसला. खुदेजा दिसली. दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेलं काहीतरी.

त्याने माझ्या पोटात गुडघा मारला. मी वाकलो तेव्हा मान धरून डोकं पिकअपच्या टायरवर आपटलं. आखाड्यात सगळे आरडत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. मग मला गाडीत कोंबून तो निघाला. मी का उतरलो नाही? सिग्नलला गाडी थांबली होती. दार उघडता आलं असतं. मला वाटलं, मी बरोबर असलो तर त्याला समजावीन. किंवा तसंही नसेल. घाबरलो होतो.

सोहार ते बरका मीच बोलत होतो. तुझ्या आईचा विचार कर, पोलीस येतील, तिला सोडून दे. एकदा त्याने डाव्या हाताने स्टीअरिंग धरून उजव्या कोपराने माझ्या तोंडावर मारलं. पुढचा दात गिळला मी.

त्याला वाटत होतं ती जमालच्या घरी असेल. ती तिथे नव्हती. ती आणि खुदेजा मस्कतच्या हॉस्पिटलात होत्या. जमाल त्यांचे कपडे न्यायला एकटाच घरी आला होता. अंगणात पिशवी घेऊन गाडीकडे निघालेला. जितेशने सीटखालून चाकाचा लोखंडी पाना काढला.

"खंय असा ती?"

जमालने पिशवी खाली ठेवली. "तुला नाही सांगणार."

पहिला फटका खांद्यावर बसला. जमाल भिंतीला टेकला. "खंय असा?" जमालने मान हलवली. दुसरा फटका त्याने हातावर घेतला आणि मनगटाचं हाड मोडलेलं मला दिसलं, हात मध्येच वाकडा झाला. तो गुडघ्यांवर बसला. "सांग!" "नाही." त्याने तो मोडका हात जमिनीवर ठेवायला लावला, बुटाने दाबून धरला आणि बोटांवर पाना मारला. जमाल किंचाळला. पण हॉस्पिटलचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. माझ्यापेक्षा वयाने लहान आहे जमाल. अंगाने तर अर्धा.

मी मागून जितेशच्या पाठीवर उडी घेतली. लढणं मला येत नाही. मी त्याच्या दंडाला कडाडून चावलो, मांस दातांखाली आलं तरी सोडलं नाही. पाना पडला. तो माझ्यासकट भिंतीवर आदळला, माझ्या पाठीत कळ गेली, पण पाना माझ्या हाताला लागला. मी त्याच्या गुडघ्यावर मारला. तो खाली पडला. परत त्याच गुडघ्यावर मारला. मग मांडीवर. मग कुठे ते मला माहीत नाही. तो हात वर करून "आशु, आशु" म्हणत होता. मला तो आवाज बंद करायचा होता.

"खलास!" जमाल ओरडत होता. "आशु, मरेल तो! बस, खलास!"

शेजारचे ओमानी बाप-लेक धावत आले, त्यांनी मला उचलून बाजूला केलं. पोलीस आले तेव्हा मी अंगणात बसलो होतो आणि तोंडात त्याचं आणि माझं, दोन्ही रक्त होतं. मला वाईट वाटत नव्हतं. ते मी इथे लिहून ठेवतो, कारण तेही खरं आहे.

१४ जानेवारी

जितेश जिवंत आहे. पाय दोन ठिकाणी मोडला, डोक्याला टाके. पहाऱ्यात आहे. जमालने पोलिसांना सांगितलं की आशुतोष नसता तर मी मेलो असतो. त्यामुळे मला सोडलं, पण पासपोर्ट त्यांच्याकडे. पुन्हा जबाब द्यायला जायचंय.

जमालला अजून माहीत नाही. पोलिसांनी विचारलं होतं, नवऱ्याला बेत कसा कळला? मी म्हटलं, ठाऊक नाही.

१८ जानेवारी

जयवंतीकाकीचा फोन आला. जितेशची आई. लहानपणी तिच्या चुलीपुढे किती जेवलोय.

"आशु, माझो झील तुरुंगात असा रे."

"काकी, त्याने काय केलंय तुम्हाला कळलं ना?"

"घरोघरी होता. माका काय कमी मारल्यान ह्याच्या बापसान? मी गेलंय एम्बशीत?" मग ती रडायला लागली. "तू सांग, ती पडली म्हणान. तू बघलंस म्हणान सांग. तुझा ऐकतीत. तुका मी माझ्या हातान जेवूक घातलंय, आशु."

मी फोन ठेवू शकलो नाही. तिनेच ठेवला.

मग ज्ञानदाला लावला आणि तिला सगळं सांगितलं. चहाच्या दिवसाचंही.

"तू त्याला नाव घेऊन सांगितलंस? कोणत्या दिवशी, कोणाच्या फोनवरून, सगळं?"

"मला वाटलं, समेट होईल."

"आशुतोष," तिने मला कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती, "आता तरी जे झालं ते सांगून ये."

२० जानेवारी

पुन्हा जबाब दिला. ड्रायव्हरचं नाक, प्लास्टर, कॅमेरा, फोन, चहा. दुभाषी हैदराबादचा होता. चहाचं सांगितलं तेव्हा लिहिता लिहिता थांबला आणि मला म्हणाला, "आपने खुद बताया उसको?" मी हो म्हटलं. त्याने ते अरबीत सांगितलं. समोरच्या अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

बाहेर आल्यावर जमालला फोन करून सांगितलं. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "माझ्या घरी येऊ नकोस." एवढंच.

२७ जानेवारी

कामावर गेलो. पोलिसांचा फोन आला, माझ्यावर वेगळी केस करणार नाहीत, पण सुनावणीला यावं लागेल. जितेशच्या कंपनीतल्या दोघांनी मला चहावाल्याकडे बघून तोंड फिरवलं. एकजण मोठ्याने म्हणाला, दोस्ताला विकणारा. दुसऱ्या टेबलावरचा म्हणाला, दोस्ताच्या बायकोला विकणारा. दोघंही बरोबरच.

स्वप्नात पाना दिसतो. घाबरून उठत नाही, राग येऊन उठतो.

८ फेब्रुवारी

शिवांगी आज गेली. एम्बसीने कागद करून दिला. खुदेजा सोबत जातेय, थेट रत्नागिरीला शिवांगीच्या मामाकडे पोचवून येईल. मला कोणी बोलावलं नव्हतं. फ्लाइटचं मला एम्बसीतल्या एका ओळखीच्याकडून कळलं.

एअरपोर्टवर मी लांब खांबापाशी उभा होतो. जमाल होता, हात गळ्यात बांधलेला, बोटांत सळ्या. शिवांगी चाकाच्या खुर्चीत. डोळा उघडलाय, पण चेहऱ्याची एक बाजू दुसरीसारखी राहिली नाही. तिने मला बघितलं आणि खुदेजाला काहीतरी सांगितलं. खुदेजाला ते पटलेलं दिसलं नाही, तरी तिने मला हाताने बोलावलं.

मी समोर जाऊन उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"चुकलं माझं, शिवांगी."

दात तारेने बांधलेले असल्यामुळे ती जबडा न हलवता बोलते, कान जवळ न्यावा लागतो.

मला ते विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "मलाच का फोन केलास गं? एवढ्या विश्वासाने."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काय म्हणतोय ते तिला कळलंच नाही.

"विश्वास कसला? माझा फोन त्यांनी घेतला होता. कोणाचा नंबर पाठ नव्हता." शब्द एकेक करून येत होते. "बेडरूमच्या एसीवर तुमच्या सर्व्हिसचा स्टिकर होता. त्यावर तुमचा नंबर. अख्ख्या घरात तेवढाच एक नंबर लिहिलेला होता."

"दुसरा कोणी एसीवाला असता," ती पुढे म्हणाली, "तर त्याने कदाचित कोणाला सांगितलं नसतं."

खुदेजाने खुर्ची वळवली. काचेच्या दारापर्यंत मी बघत राहिलो. शिवांगीने मागे बघितलं नाही. तिने का बघावं?

जमाल तिथेच उभा होता. पुतण्या त्याला सोडून कामावर निघून गेला होता. टॅक्सीसाठी तो फोनवर बोट फिरवत होता, डाव्या हाताने, सारखं चुकत होतं. शेवटी त्याने फोन खिशात टाकला.

"गाडी आणलीस?"

"हो."

"बरक्याला सोड मला." दोन पावलं चालून तो थांबला. "वाटेत बोलू नकोस."

मी त्याच्यासाठी दार उघडलं. त्याला एका हाताने बेल्ट लावता येईना, तो मी लावला. त्याने मान दुसरीकडे फिरवली, पण लावू दिला. सीब गेलं, हायवे लागला. मी बोललो नाही.